आधी फुटेज, मग ग्राफिक्स कार्ड

लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात असेंबल्ड पीसीची चौकशी करा, काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" दुसरा येतो, "गेमिंग की एडिटिंग?" दोन्ही, असं सांगितलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि कोटेशनच्या पॅडवर सगळ्यात वर ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहितो. त्याखाली प्रोसेसर, मग बोर्ड, रॅम. पैसे संपत आले की तळाशी कॅबिनेट आणि एसएमपीएस. नुसत्या गेमिंगसाठी ही उतरंड चालून जाते. पण त्याच मशीनवर पोटापाण्याचं एडिटिंग करायचं असेल, तर यादी कॅमेऱ्यातून निघणाऱ्या फाईलपासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. गेम जड झाला तर सेटिंग एक पायरी खाली आणता येतं. गिऱ्हाइकाच्या लग्नाचं फुटेज जसं शूट झालंय, तसंच मशीनला पेलावं लागतं.

माझा भाचा सांगलीकडे लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. रात्री काम आवरलं की मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो, कधी सायबरपंक २०७७. २०२५ च्या मे महिन्यात लग्नसराईचा जोर ओसरला, तेव्हा नवीन मशीन घ्यायला तो मुंबईत आला. सोबत भागांची यादी होती. सगळ्यात वर अर्थातच कार्ड.

"मामा, प्रीमियरमध्ये टाइमलाइन ओढली की आवाज पुढे जातो आणि चित्र तिथंच थांबतं. कार्ड कमी पडतंय."

मी त्याला यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि एक क्लिप उघडायला लावली. कॅमेरा सोनीचा ए७ फोर. फाईल फोरके, एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२. त्याचा सगळा त्रास या शेवटच्या तीन आकड्यांत होता.

एचईव्हीसी पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं जात नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र येतं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं याची नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर मागे-पुढे करताना संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन मधली सगळी चित्रं पुन्हा बांधत यावं लागतं. ते झपाट्यानं करायला प्रोसेसरात किंवा कार्डात खास त्याच कामाचं सर्किट असतं. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० च्या दुप्पट असते. ग्रेडिंगला ती उत्तम, नवरीच्या शालूचा लाल रंग फाटत नाही. पण बहुतेक कार्डांतलं सर्किट ४:२:० पुरतंच बनवलेलं असतं. ४:२:२ आलं की ते हात वर करतं आणि सगळं ओझं प्रोसेसरच्या साध्या कोअरवर पडतं. एनव्हीडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांची हीच गत, आरटीएक्स ४०९० सुद्धा त्याला अपवाद नाही. इंटेलच्या प्रोसेसरातलं क्विक सिंक मात्र डेस्कटॉपवर ११ व्या पिढीपासून एचईव्हीसी ४:२:२ उलगडतं. एनव्हीडियानं ही सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत दिली. भाच्याचं जुनं मशीन नवव्या पिढीच्या इंटेलचं. त्यात कितीही महागडं जुनं कार्ड बसवलं असतं तरी टाइमलाइन तशीच अडखळली असती.

दुसऱ्या दिवशी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून आम्ही त्या रस्त्याला लागलो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण हे नाव पत्त्यातच. खाली दर्शनी दुकानं, वर जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्यांवरून जायची छोटी ऑफिसं, हातगाडीवर रचलेले कॅबिनेटचे खोके. कुठंही विचारा, उत्तराच्या शेवटी "आजचा रेट आहे" एवढं जोडलेलं असतंच. माल बाहेरून येतो, डॉलर हलला की भाव हलतो, म्हणून सकाळचं कोटेशन दुसऱ्या दिवशी कुणी पाळत नाही.

प्रोसेसरवर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. भाच्याला हवा होता रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी. २०२३ मध्ये आलेला हा आठ कोअरचा प्रोसेसर गेमिंगच्या चाचण्यांत वरच्या रांगेत असतो, कारण त्यातली एलथ्री कॅश तब्बल ९६ एमबी आहे. गेमला लागणारी माहिती तिथंच हाताशी राहते आणि रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात. पण तो फायदा दिसायला कार्डही तेवढं ताकदीचं लागतं. आमच्या बजेटातलं कार्ड १४४० पिक्सेलच्या स्क्रीनवर सायबरपंकसारखा गेम चालवताना स्वतःच दमणार होतं. कार्ड दमलेलं असताना प्रोसेसर किती चपळ आहे याला फारसा अर्थ उरत नाही. उलट चार तासांची लग्नाची फिल्म एक्स्पोर्ट करताना कोअरची संख्या कामी येते. शिवाय रायझनमधल्या ग्राफिक्सला ४:२:२ उलगडता येत नव्हतं. त्यामुळे आम्ही इंटेल कोअर अल्ट्रा ७ २६५के वर आलो. २० कोअर, आणि आत क्विक सिंक. फक्त गेम खेळणाऱ्यानं माझ्या भाच्याचाच पहिला विचार मानावा. फ्रेम्सच्या शर्यतीत एक्सथ्रीडी पुढेच आहे.

इथं एका अक्षराकडे लक्ष ठेवावं लागतं. इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असला की त्यात ग्राफिक्सचा भाग बंद असतो, म्हणजे क्विक सिंकही नाही. दुकानदार हजार-दोन हजार वाचतात म्हणून 'केएफ' सुचवतो आणि गेमरच्या दृष्टीनं तो बरोबरच असतो, कारण कार्ड तर वेगळं आहेच. एडिटरनं मात्र ते पैसे वाचवू नयेत.

मग कार्ड. दोन्ही कामांच्या गरजा इथं एकत्र येतात. आरटीएक्स ५०६० टीआय हे एकच नाव ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकलं जातं. चिप तीच, फरक कार्डावरच्या मेमरीचा. ८ जीबीवाल्याचा भाव डोळ्यांत भरतो. पण दाविंची रिझॉल्व्हमध्ये फोरके टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन टाकलं, वर दोन-तीन इफेक्ट चढवले, की जीपीयू मेमरी भरल्याची सूचना येऊन काम ठप्प होतं. नव्या गेममध्येही टेक्स्चर वरच्या पायरीवर ठेवले की ८ जीबी अपुरे पडतात आणि खेळ मध्येच अडखळतो. कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही. वेग थोडा कमी असलेलं १६ जीबीचं कार्ड आणि थोडं वेगवान ८ जीबीचं कार्ड यांत निवड असेल, तर एडिटरनं डोळे झाकून १६ जीबीचं घ्यावं.

स्टोरेजसाठी गणित मांडलं. १०० मेगाबिट प्रतिसेकंदानं शूट केलेलं फुटेज तासाला सुमारे ४५ जीबी होतं. तीन कॅमेरे आठ-आठ तास चालले, तर एका लग्नाचा डेटा एक टीबीच्या थोडा पुढे जातो. पण वेग पाहा: १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. तिन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम चालवलं तरी चाळीस एमबीच्या आत. सेकंदाला ७,००० एमबी वाचणारी जेन फोर एनव्हीएमई ड्राइव्ह या कामाला भरपूर झाली. तिच्या दुप्पट वेगाच्या जेन फाइव्हचे जादा पैसे टाइमलाइनवर कुठंही दिसणार नव्हते. त्याच पैशांत जागा वाढवली. स्वस्तातली मोठी ड्राइव्ह घेताना मात्र ती टीएलसी आहे की क्यूएलसी हे विचारावं. क्यूएलसीवर एका दमात एक टीबी उतरवायला घेतलं की सुरुवातीचा झपाटा कॅश भरेपर्यंतच टिकतो, पुढे वेग इतका पडतो की साधी हार्ड डिस्क बरी वाटावी. पोचवलेली लग्नं ठेवायला हार्ड डिस्क घेतली. त्या एका जागीच ठेवू नकोस, दुसरी प्रत घराबाहेर ठेव, असं भाच्याला बजावलं. लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

रॅम ६४ जीबी, ३२ च्या दोन पट्ट्या. बोर्डावर चार खाचा असतात म्हणून "आता दोन घ्या, पुढे दोन टाका" असं सहज सांगितलं जातं. डीडीआर५ मध्ये चारही खाचा भरल्या की बहुतेकदा वेग खाली आणावा लागतो. जी लागणार ती पहिल्यांदाच दोन पट्ट्यांत घेणं चांगलं. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करून घ्यावं. नाहीतर ६००० चे पैसे देऊन पट्टी मूळच्या कमी वेगावरच चालत राहते आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. रॅमचा निर्णय वेळेवर झाला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स ओढून घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर उजाडेपर्यंत अशा जोडीचा भाव दुपटीच्याही पलीकडे गेला. त्याच महिन्यात मायक्रॉननं सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रूशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज यादी करणाऱ्यानं रॅमची ओळ आधी भरावी आणि मग बाकीचं बजेट मांडावं.

मदरबोर्डात फार वेळ घालवला नाही. बी८६० चिपसेट, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर नीट हीटसिंक, तीन एमडॉटटू खाचा, मागे यूएसबी-सी. झालं.

कोटेशनमध्ये तळाला गेलेला एसएमपीएस मी वर आणला. हिशेब असा: २६५के पूर्ण जोर लावतो तेव्हा २५० वॅटपर्यंत जातो, कार्ड १८० वॅट, पंखे, ड्राइव्ह, बोर्ड धरून आणखी साठ-सत्तर. पाचशेच्या आसपास झाले. चांगल्या कंपनीचा ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड घेतला, म्हणजे तो सतत टोकावर राबणार नाही आणि पुढे मोठं कार्ड आलं तरी चालेल. नुसत्या आकड्यावर जाऊ नये. अनोळखी नावाच्या स्वस्त खोक्यांवरचा वॅटचा आकडा क्षणभरच्या जोराचा असतो, तो तासन्‌तास मिळत नाही. एक्स्पोर्ट तर तासन्‌तासच चालतं. आणि असला एसएमपीएस जातो तेव्हा कधी कधी बोर्ड किंवा कार्ड घेऊन जातो.

कॅबिनेटवरून थोडी ओढाताण झाली. भाच्याला पुढून-बाजूनं काचेचं, आत रंगीत पंखे फिरणारं हवं होतं. त्याची हौस मला कळते. गिऱ्हाईक स्टुडिओत येतं, मशीन बघतं, त्याचाही उपयोग असतो. पण सांगलीचा मे महिना, पत्र्याखालची खोली, बाहेर चाळिशीला टेकलेला पारा. प्रोसेसरला थंड करणारी हवा खोलीतूनच येते, ती पुढच्या काचेनं अडवली तर कूलर कितीही भारी असून उपयोग नाही. अखेर पुढे जाळी, बाजूला काच, असं जमलं. जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर आहे, तो दर पंधरवड्याला झटकायचा. कूलर दोन पंख्यांचा टॉवर एअर कूलर. पाण्यावरचा नको म्हटलं, कारण त्याचा पंप बिघडला तर गावात लगेच बदली मिळत नाही. एअर कूलरचा पंखा गेला तर तो कुठल्याही दुकानात मिळतो.

जोडणी दुकानातच झाली. जोडणारा तरुण मुलगा मूळचा कोकणातला, हात विलक्षण स्थिर. सॉकेटवर प्रोसेसर त्यानं दाबला नाही, नुसता सोडला, आणि खटका लावला. केबल्स मागच्या पत्र्याआड अशा बांधल्या की समोरून हवेला अडथळा राहू नये. मशीन सुरू झाल्यावर त्यानं चाचणीचा नेहमीचा प्रोग्रॅम लावला, तेवढ्यात भाच्यानं खिशातून एसएसडी काढली. त्यात मिरजेच्या एका लग्नाची हळद होती, तीन कॅमेऱ्यांची. "दादा, जरा हे चालवून बघू." प्रीमियर टाकून टाइमलाइन मांडली आणि ओढली. चित्र बोटाबरोबर पळत होतं. आजूबाजूची गिऱ्हाइकंही बघायला थांबली. मग अर्धा तास एक्स्पोर्ट लावून तापमान पाहिलं, पंख्यांचा आवाज ऐकला आणि तेव्हाच पैसे दिले.

गावी पोचल्यावर दोन कामं उरली होती. पहिलं अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मशीन सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. दुसरं यूपीएस. साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो आणि हे मशीन पूर्ण जोरात त्याच्या पुढे जातं. म्हणून ११०० व्हीए, ६६० वॅटचा. तो आणल्यावर एक्स्पोर्ट चालू असताना मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून पाहिलं. काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसवर जाताना त्या क्षणी बंद पडतात, आणि हे लग्नाच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

तुम्ही असं मशीन घ्यायला निघणार असाल, तर तुमची सगळ्यात जड फाईल सोबत न्या आणि ती तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या, सुटा ट्रेमधला नको. बिल पक्कं, जीएसटीचं घ्या, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर आणि कार्डाला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते, चांगल्या एसएमपीएसला त्याहून जास्त. दावा करायची वेळ आली की सर्व्हिस सेंटरवाला आधी तो नंबर विचारतो.