संगणकांचा घड आणि बहुमताचा नियम

बँकेचा मुख्य संगणक बंद पडला की सगळ्या खिडक्यांवरचे काम थांबते. आणखी मोठा संगणक घेतला तरी तोही कधीतरी बंद पडणारच. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ साली यावर वेगळा उपाय जाहीर केला. तो म्हणजे ‘व्हॅक्सक्लस्टर’. क्लस्टर म्हणजे घड. यात अनेक व्हॅक्स संगणक एकमेकांना जोडलेले असतात आणि सर्वजण एकाच साठ्यातील माहिती वापरतात. एक बंद पडला तर बाकीचे त्याचे काम उचलतात. काम वाढले तर घडात आणखी एक संगणक जोडायचा. जुना टाकून द्यावा लागत नाही.

याचा फायदा किती? समजा, एक संगणक वर्षातील १ टक्का काळ, म्हणजे सुमारे ८८ तास बंद असतो. दोन संगणकांच्या बिघाडांचा परस्परांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता ०.०१ × ०.०१ = ०.०००१ इतकी होते. म्हणजे वर्षात सुमारे ५३ मिनिटे! मात्र दोघांचा वीजपुरवठा एकच असेल, तर हा गुणाकार लागू पडत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. दोन्ही संगणक धडधाकट आहेत, पण त्यांना जोडणारी तार तुटली तर? शेजारी गप्प आहे, एवढेच प्रत्येकाला कळते. तो बंद पडला की तार तुटली, हे कळत नाही. मग दोघेही स्वतःला एकटे समजून नोंदी करू लागतील. खात्यात १००० रुपये असताना एकाने २०० व दुसऱ्याने ३०० रुपये काढल्याची नोंद केली, तर शिल्लक ५०० हवी. पण १००० वाचूनच दोघांनी वजाबाकी केल्याने ती ८०० किंवा ७०० लिहिली जाईल.

म्हणून व्हीएमएस या कार्यप्रणालीत मतदान असते. तीन संगणकांना एकेक मत दिले, तर काम चालू ठेवायला किमान दोन मते लागतात. तार तुटून दोन आणि एक असे गट पडले, तर दोघांचा गट काम करतो. एकटा पडलेला संगणक धडधाकट असूनही स्वतःहून थांबतो. एकाच वेळी दोन गटांना बहुमत मिळूच शकत नाही. संगणक दोनच असतील, तर तिसरे मत सामाईक डिस्कला देता येते. आजच्या अनेक क्लस्टरांतही हेच तत्त्व वापरतात. सेवा काही काळ थांबली तरी चालेल, पण नोंद चुकता कामा नये, हा त्यामागचा विचार.

आता विद्यार्थ्यांना विचारा: चार संगणकांचे दोन-दोन असे गट पडले, तर कोणी काम करावे?