हिशेब लिहिणाऱ्यासाठी की वाचणाऱ्यासाठी?

मतदाराचे मत गुप्त राहावे आणि मत मागणाऱ्याचा पैसा उघड असावा, हे लोकशाहीचे दोन साधे नियम होत. पहिला आपण निष्ठेने पाळला. दुसरा पाळण्याचा मात्र बव्हंशी देखावाच करीत आलो, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

हा प्रश्न नवा नव्हे. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांस देणग्या देण्याची मुभा मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यानुसार ती नाकारली नाही. परंतु ही प्रथा लोकशाहीस घातक ठरू शकेल, असा इशारा त्यांनी दिला. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठली. पुढे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर मार्चमध्ये जे घडले ते विशेष बोधप्रद आहे. रोखे कोणी घेतले याची एक यादी प्रसिद्ध झाली आणि ते कोणत्या पक्षांनी वटविले याची दुसरी. परंतु कोणाचा रोखा कोणाकडे गेला, हे सांगणारा क्रमांक एकीतही नव्हता! न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा कोठे तो बाहेर आला. माहिती न देणे हा लपविण्याचा एक प्रकार. तीतून काहीच उमगू नये अशा रीतीने ती देणे, हा दुसरा.

आता उमेदवारांच्या हिशेबाकडे पाहू. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब सादर करावयाचा असतो. त्यासाठी नोंदवहीत रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोकडीची गुलाबी, बँकेची पिवळी. शिवाय स्वतंत्र बँक खाते, पावत्या, प्रतिज्ञापत्र आणि प्रचारकाळात किमान तीनदा तपासणी. पक्षाच्या लेखापालास यात अवघड काही नाही. परंतु चार मित्रांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या एखाद्या अपक्षाने हिशेब चुकविला आणि सबळ कारण दिले नाही, तर तो तीन वर्षे अपात्र ठरू शकतो. २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख व लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाच्या स्वतःच्या खर्चास मात्र मर्यादाच नाही! लोकसभा निवडणुकीचा त्याचा हिशेब ९० दिवसांनी आला तरी चालतो, आणि एका वर्षात २० हजारांपर्यंत देणाऱ्याचे नाव कळविण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. दुबळ्यास चाळणी आणि सबळास वेस मोकळी, असा हा न्याय आहे.

म्हणून नियम सुलभ करा, ही मागणी आम्हांस मान्य आहे. परंतु सुलभ कोणासाठी? देणाऱ्याघेणाऱ्यांची सोय म्हणून नावे गाळणे, मर्यादा वाढविणे, मुदती लांबविणे, यास सुलभीकरण म्हणणे ही भाषेची विटंबना होय. आम्ही पूर्वी शाळेत गणित शिकवीत असू. नुसते उत्तर लिहून रीत न दाखविणाऱ्यास आम्ही पूर्ण गुण देत नसू. आणि रीत अशी असावी की शेजारच्या बाकावरील मुलासही ती वाचून समजावी, असा आमचा आग्रह असे. राजकीय हिशेबाची कसोटी याहून निराळी नाही.

आमच्या मते, अल्प खर्चाच्या उमेदवारास एक पानी तक्ता पुरेसा व्हावा. पक्षांनी मात्र देणगीदाराचे नाव, रक्कम व तारीख एकाच नमुन्यात, एकाच ठिकाणी आणि मतदाराच्या भाषेत प्रसिद्ध करावी, तीही मतदानापूर्वी. मत पेटीत पडल्यावर कळलेले सत्य इतिहासकाराच्या उपयोगाचे, मतदाराच्या नव्हे. देणगीदारास छळ होईल असे भय वाटते, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. म्हणूनच लहान वर्गणीदारास आडोसा असावा; परंतु ज्याच्या देणगीने धोरण वाकू शकते, त्यास तो मागण्याचा अधिकार नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. निवडणूक नियमांनुसार एक रुपया शुल्क भरून कोणाही नागरिकास उमेदवाराचा हिशेब पाहता येतो. आपल्यापैकी किती जणांनी हा रुपया आजवर खर्च केला आहे? हिशेब वाचणारा कोणी नाही, अशी खात्री असली की लिहिणाराही निर्धास्त होतो. निदान ती निश्चिंती मोडणे तरी आपल्या हाती आहे.