हात झटकत उठणाऱ्या रात्री

रात्रीचे अडीच-तीन वाजलेले असायचे. आई अंथरुणात उठून बसायची, उजवा हात पलंगाखाली सोडायची आणि ताप बघायच्या आधी थर्मामीटर झटकतात तसा झटकत राहायची. पाच मिनिटांनी बोटांत जीव आला की पुन्हा आडवी व्हायची. सकाळी विचारलं तर म्हणायची, ‘‘काही नाही गं, हात अंगाखाली आला असेल.’’ असं वर्षभर चाललं. मधल्या काळात कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, बी-१२ची इंजेक्शनं झाली, मानेचा एक्स-रे झाला. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. ‘‘काकू, रात्री उठून हात झटकावा लागतो का? आणि करंगळीत मुंग्या येतात का?’’ पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. निदान जवळजवळ तिथेच झालं : कार्पल टनेल सिंड्रोम.

करंगळीचा प्रश्न का, हे हाताची रचना पाहिली की कळतं. तळहात आणि मनगट यांच्या सांध्यापाशी आठ लहान हाडांची एक खोलगट पन्हळ असते. तिच्यावर एक जाड, चिवट पट्टा ताणून बसवलेला असतो. या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ स्नायुदोऱ्या जातात, आणि त्यांच्या गर्दीतून एक नस, मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू यांची संवेदना या नसेकडे असते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. म्हणून हा आजार असलेल्या बाईला अनामिकेची एक कड बधिर आणि दुसरी शाबूत असं लागू शकतं. आईने सुईच्या टोकाने स्वतःच ते तपासलं आणि चकित होऊन मला दाखवलं.

बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नाहीत. आत सूज आली की दाब वाढतो आणि त्या गर्दीत सगळ्यात मऊ असलेली नस चेपली जाते. मनगटाचं हाड मोडल्यावर ही नस दबल्याचं वर्णन इंग्लंडच्या जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच केलं होतं. पण हा आजार डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा झाला तो गेल्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेतल्या जॉर्ज फेलन यांच्यामुळे. त्यांची चाचणी घरीही करता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटं खाली करून, उलटा नमस्कार धरल्यासारखं एक मिनिट थांबायचं. त्या मिनिटात ओळखीच्या मुंग्या आल्या तर संशय बळावतो. नक्की किती नस दबली आहे, ते नर्व्ह कंडक्शन तपासणीत कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. १९८१ मध्ये अमेरिकेत गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्याच्या आत बारीक नळी घालून दाब मोजला. मनगट सरळ असताना निरोगी माणसांत तो सरासरी अडीच मिलिमीटर पारा होता, रुग्णांत ३२. आणि मनगट पूर्ण वाकवलं की रुग्णांत तो नव्वदीच्या पुढे गेला. झोपेत आपण काय करतो? हात दुमडून हनुवटीखाली घेतो, गालाखाली घेतो. तासन्‌तास मनगट वाकलेलं राहतं. रात्रीच्या त्या ठणक्याचं मोठं कारण हे आहे, आणि त्याचा पहिला उपायही यातच आहे.

तो उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट. औषधाच्या दुकानात मिळणारा लवचिक पट्टा यासाठी उपयोगाचा नाही. घट्ट बांधला तर उलट दाब वाढतो. आत धातूची पट्टी असलेला स्प्लिंट घ्यायचा. आणि इथे एक बारकावा आहे, जो आम्हाला दुकानात कुणी सांगितला नाही. ही पट्टी बऱ्याचदा मागच्या बाजूला वाकवलेलीच येते, त्यामुळे मनगट मागे कललेलं राहतं. मनगट मागे कललं तरी दाब वाढतो. पट्टी स्प्लिंटच्या खिशातून बाहेर काढून, हाताने सपाट करून पुन्हा घालायची. आईच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे करून दिलं आणि चौथ्या-पाचव्या रात्री आई सलग झोपली. मात्र चार रात्रींत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. निदान सहा आठवडे रोज रात्री बांधायचा.

दुसरा मार्ग स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा. ‘स्टेरॉइड’ शब्दाने आपल्याकडे लोक दचकतात, पण जाणत्या हाताने नसेच्या बाजूला दिलेलं एक इंजेक्शन आराम लवकर देतं. ब्रिटनमधल्या २३४ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले स्प्लिंटवाल्यांपेक्षा बरे होते, सहा महिन्यांनी दोघांत फरक उरला नव्हता. म्हणजे वेदना असह्य असेल तर इंजेक्शन, धीर धरता येत असेल तर स्प्लिंट. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहावी.

वेदनाशामक गोळ्यांनी या आजारात विशेष काही साधत नाही. बी-६ जीवनसत्त्वाचा बोलबाला आहे, पण त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसांना इजा करतं. गोळ्यांपेक्षा आधी रक्त तपासावं. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, संधिवात यांत हा आजार जास्त दिसतो, आणि मूळ आजार आटोक्यात आला की मनगटही सुधारू शकतं. गरोदरपणात अंगावर पाणी चढतं तेव्हाही हात सुन्न होतात; बाळंतपणानंतर ते बहुधा आपोआप ओसरतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास पुष्कळ जास्त आहे.

योगाबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण त्याचा धागा पुण्याला जोडलेला आहे. १९९८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मॅरियन गारफिंकेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची निवडक आसनं, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. शेवटी शवासन. मनगटासोबत खांदे, छाती आणि पाठ यांची ठेवण सुधारण्यावर भर होता. आसनं करणाऱ्यांची पकड सुधारली, दुखणं कमी झालं. अभ्यास लहान होता, जेमतेम ४२ माणसांचा, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण जाणकार शिक्षकाकडे जाऊन करून बघण्यासारखं नक्की आहे. दुखत्या तळहातांवर सगळा भार टाकणारी आसनं तेवढी टाळावीत.

आणि घरातली कामं. परात उंच ओट्यावर ठेवून कणीक तिंबताना मनगट मागे मोडतं. पायाखाली पाट घेतला की हात वरून सरळ येतो, जोर खांद्यातून लागतो. कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत. चकलीचा दाबाचा सोऱ्या बाजूला ठेवून फिरकीचा घ्यावा, आणि किलोभर भाजणीच्या चकल्या एकाच हाताने पाडू नयेत. घरातल्या मुलग्यांनाही हात आहेत. फोन बघत झोपायची सवय असेल तर ती मोडावी. कंप पावणारी यंत्रं धरणारे कामगार, दिवसभर पकडीचं आणि जोराचं काम करणारी माणसं यांना धोका खरा आहे. त्यांना ‘विश्रांती घ्या’ म्हणणं सोपं आहे. काम बदलून देणं हे मालकाचं काम आहे.

शस्त्रक्रियेविना बरं होता येतं, पण त्याला मुदत असते. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तोवरच हे उपाय चालतात. आईच्या बाबतीत चालले, कारण तिचं वर्ष वाया गेलं तरी नस तगली होती. मुंग्या येऊन जाऊन न राहता बधिरपणा चोवीस तास टिकला, शर्टाचं बटण लागेना, हातातून कप निसटू लागला, तर स्प्लिंट बांधून वाट पाहू नका. दोन्ही तळहात शेजारी धरून अंगठ्याच्या बुडाचा फुगवटा बघा. एका बाजूला तो सपाट झालेला दिसला, तर त्याच आठवड्यात हाताच्या शल्यविशारदाला दाखवा. ती शस्त्रक्रिया छोटी आहे, बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून होते. पण सुकलेला स्नायू उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेने पूर्ववत होईलच असं नाही.