डांबरी सडक आणि पाणी

वसई-विरारचा प्रदेश तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी. पूर्वेस तेवढे तुंगारेश्वराचे डोंगर. पावसाळ्यात डोंगरांवरचे पाणी या सखल भूमीवर उतरते, आणि त्याच वेळी समुद्रास भरती असली, तर त्यास बाहेर पडावयास वाट उरत नाही. जुलै २०१८ मध्ये येथे रेल्वेचे रूळही पाण्याखाली गेले होते. मग डांबरी सडकेची काय कथा!

सडकेच्या वरच्या थरात खडीचे तुकडे डांबराने एकमेकांस चिकटविलेले असतात. परंतु दगडास डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक. थरात पोकळ्या राहिल्या, की पाणी आत शिरते आणि दगड व डांबर यांच्यामध्ये पातळ पडद्याप्रमाणे पसरते. वरून वाहनाचे चाक गेले, म्हणजे ते दाबले जाते व डांबराला दगडापासून दूर ढकलते. असे हजारो वेळा घडते. सडक वरून धड दिसते, आत मात्र खडी सुटी झालेली असते. आणि एके दिवशी तेथे खड्डा पडतो. पावसाने सडक वाहून नेली, असे आपण म्हणतो. खरे पाहता, आत मुरलेल्या पाण्याने ती आधीच उकललेली असते.

आपल्याकडील काळा दगड ग्रॅनाइटापेक्षा डांबर चांगले धरून ठेवतो. तरीही खडी धुळकट किंवा ओली असेल, तर त्याचा उपयोग नाही. म्हणून खडी तापवून सुकवितात. मिश्रणात कधी विरलेल्या चुन्याची पूडही घालतात. डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास बुडवून ठेविली, की डांबर किती टिकते ते कळते. पुढे थर गरम असतानाच रुळाने दाबावा लागतो. भर पावसात तो लवकर निवतो, व पोकळ्या तशाच राहतात.

पाणी खालूनही येते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसे ते मातीतून सडकेच्या पायापर्यंत चढते आणि पाया मऊ होतो. यास्तव सडक उंच भरावावर बांधतात, तिला मध्यापासून कडांकडे मीटरमागे २ ते २.५ सेंटिमीटर उतार देतात आणि कडेला गटार खोदतात. गटार हा सडकेचाच भाग होय.

मात्र गटाराचे तोंड नुसते खाडीकडे ठेवून भागत नाही, कारण भरतीचे पाणी उलट आत येते. तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसविली, तर भरतीत ती मिटते आणि ओहोटी लागताच तुंबलेले पाणी तिला लोटून बाहेर पडते. कोकणातील शेतकरी खारजमिनीच्या बांधांना अशीच सोय ठेवतात. तिला ते उघाडी म्हणतात.