ड्रेसिंगच्या वेदनेवर आभासी बर्फ

भाजलेल्या रुग्णाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती ड्रेसिंगची. भाजणे एकदाच होते, ड्रेसिंग मात्र अनेक दिवस चालते. जुनी पट्टी काढणे, जखम धुणे, सांधे आखडू नयेत म्हणून हालचाल करवून घेणे, या वेळी मॉर्फिनसारखे औषध देऊनही काहींच्या वेदना पुरत्या आटोक्यात येत नाहीत.

या वेदनेवर एक वेगळाच उपाय सापडला आहे, तो म्हणजे ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, अर्थात आभासी वास्तव. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली, की मेंदू त्यांचे एकच खोली असलेले दृश्य बनवतो, हे इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी मान वळवली की दृश्यही वळेल असे यंत्र केले. ते डोक्यावर लावायचे, पण इतके जड की छताला टांगावे लागे! आज तेच काम डोळ्यांवर बांधायच्या मोठ्या चष्म्यासारख्या यंत्रात होते.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ पासून त्याचा उपयोग भाजलेल्या रुग्णांसाठी सुरू केला. ‘स्नोवर्ल्ड’ या त्यांच्या खेळात रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो आणि बर्फाचे गोळे फेकतो. इकडे परिचारिका ड्रेसिंग करते. वेदना जाणवायलाही अवधान लागते. ते खेळात गुंतले, की वेदनेच्या वाट्याला कमी उरते. निरोगी स्वयंसेवकांवरील २००४ च्या प्रयोगात मेंदूच्या वेदनेशी संबंधित भागांतील हालचालही घटलेली दिसली. ड्रेसिंग करताना मुलांना गोष्टी सांगण्याचा माझा जुना शिरस्ता आहे. गोष्टीत रमलेले मूल हात कमी ओढते, त्याचेही कारण हेच.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी, इतर उपचारांच्या जोडीला, अशा एका यंत्रास मान्यता दिली. ‘जोडीला’ हा शब्द महत्त्वाचा. याने जखम भरत नाही आणि वेदनाशामक औषधही आपल्या मनाने बंद करायचे नाही.

ज्या फसवणुकीने आराम मिळतो, तिनेच त्रासही होतो. डोळे सांगतात ‘आपण चाललो’, कानातील तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘बसलो आहोत’. मग घाटातल्या एसटीसारखे मळमळते, गरगरते. म्हणून हा खेळ घरी खेळणाऱ्यांनी शक्यतो बसून खेळावे, मळमळू लागताच थांबावे आणि डोके स्थिर झाल्याखेरीज वाहन चालवू नये. फिट येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

यंत्र जवळ नसले तरी तत्त्व आपल्या हातात आहे. घरात कुणाचे ड्रेसिंग चालू असेल तर ‘बघ, किती लागलंय!’ असे म्हणू नका. त्याला आवडत्या विषयावर बोलते करा. औषधाच्या जोडीला हेही द्या.