टॉलपुडलचे झाड

इंग्लंडमधील डॉर्सेट परगणा आम्ही खासगी मोटार व वाटाड्या घेऊन एका दिवसात पाहिला. डॉर्चेस्टर शहरातील जुने न्यायालय आता संग्रहालय आहे. मार्च १८३४ मध्ये येथेच टॉलपुडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांची हद्दपारी झाली. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली, सहावर येणार होती. म्हणून त्यांनी संघटना बांधली. गुप्त शपथेचे निमित्त करून त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडले. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. टॉलपुडलमध्ये ते जमत ते झाड आजही उभे आहे. वाचकहो, राजवाडे सारेच दाखवतात. मुलाबाळांना या झाडाचीही गोष्ट सांगा.