नळाच्या उलट दिशेने : पारशिवनीचे सायकलरस्ते

नागपूरच्या नळाला येणारं पाणी बहुतांश पेंचचं. नवेगाव खैरीच्या धरणातून ते निघतं, नहरातून आणि माणूस उभा राहील एवढ्या जाड पाइपातून महादुल्याकडे, गोरेवाड्याकडे येतं, शुद्ध होऊन टाक्यांत चढतं आणि मग आपल्या न्हाणीत पडतं. हे नवेगाव खैरी पारशिवनी तालुक्यात आहे. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. मोटारीने तासाभराचा रस्ता, सायकलने अडीच-तीन तासांचा. दिवाळी आटोपली, हवेत गारवा आला की मी या पाण्याच्या उलट दिशेने सायकल घेऊन निघतो. नळापासून धरणापर्यंत. विदर्भात सायकल चालवण्यासाठी याहून चांगला मुलूख मला तरी माहीत नाही.

या शहराची तहान कशी दूर दूर जात गेली, ते बघण्यासारखं आहे. आधी भोसल्यांच्या काळातला अंबाझरी तलाव होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोरेवाडा आला, पुढे कन्हान नदी, आणि शेवटी पेंच. सायकलवाल्याला यातले टप्पे वाटेतच भेटतात. पहाटे पाचला निघून कामठीची छावणी मागे टाकली की कन्हानचा पूल येतो. नोव्हेंबरात नदीवर धुकं असतं आणि पुलावर हात गारठतात. इथे हातमोजे हवेत. पुढे जबलपूरचा महामार्ग. जुना सात नंबर, आता चव्वेचाळीस. रुंद आहे, गुळगुळीत आहे, पण रमणीय अजिबात नाही. मान खाली घालून हा तुकडा संपवायचा. आमडी फाट्याला डावीकडे वळलं की खरा रस्ता सुरू होतो.

फाट्यावरच चहा घ्या, सोबत तर्री-पोहे. पुढे पारशिवनीपर्यंत सकाळी सातच्या आधी दुकानं उघडलेली असतीलच असं नाही.

आमडी ते पारशिवनी हा पट्टा धानाचा, कापसाचा, मिरचीचा. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापून बांध्यांत पसरलेला असतो, भारी धान अजून उभा असतो. एकाच शिवारात पिवळा, हिरवा आणि कापलेल्या खुंटांचा करडा असे तीन रंग दिसतात. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या हळूहळू वर येतात. चढ आहेत, पण दम काढणारे नाहीत. हिवाळ्यात जाताना वारा बहुतेक तोंडावर असतो आणि येताना पाठीशी. थकल्यावर मदत करणारा वारा मिळणं हे सायकलवाल्याचं मोठं भाग्य.

पारशिवनीजवळ घोगरा महादेव आहे. पेंच इथे खडकांच्या खोबणींतून वाट काढत जाते, कुठे अरुंद होते, कुठे डोहात थांबते. महाशिवरात्रीला जत्रा भरते, एरवी शांत असतं. पाण्याने घासून घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर बसून घोट-घोट पाणी प्यावं, पाय मोकळे करावेत. पण पाण्यात उतरू नये, हे मी ठामपणे सांगतो. खडक निसरडे आहेत, डोहाची खोली वरून कळत नाही.

तिथून आठ-दहा किलोमीटरच्या आत नवेगाव खैरी. धरणाची भिंत आधी दिसते आणि मग एकदम पाणी. टेकड्यांच्या कुशीत शिरलेलं, निळं, पार पलीकडच्या जंगलापर्यंत गेलेलं. या धरणाची जागा समजून घेण्यासारखी आहे. वर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर तोतलाडोहचं मोठं धरण आहे आणि त्यावर चालणारं १६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र. वीज करून सुटलेलं पाणी नदीने खाली येतं आणि नवेगाव खैरीला पुन्हा अडवलं जातं. इथून डावा नहर रामटेक-मौद्याच्या शेतांकडे जातो, उजवा दक्षिणेकडे उतरतो. एकच पाणी आधी दिवे लावतं, मग धान पिकवतं, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना पुरतं आणि नागपूरची तहान भागवतं. मध्य प्रदेशात वरच्या अंगाला चौराईचं धरण झाल्यापासून या पाण्याची काळजी वाढली आहे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येणारा तोतलाडोहच्या पाणीसाठ्याचा टक्का इथे उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतो. काठावर मातीची पट्टी किती रुंद आहे, एवढंच बघायचं.

जलाशयाच्या बाजूलाच कुवारा भिवसेनचं ठाणं आहे. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. धरणं यायच्या कितीतरी आधीपासून या डोंगर-नदीवर त्यांचा देव आहे. तिथे जाताना चपला बाहेर, आवाज हळू.

मागच्या वर्षी नहराजवळ माझी सायकल पंक्चर झाली. बाभळीचा काटा होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. जवळची जादा ट्यूबही जोडातून हवा सोडत होती. सायकल हाती धरून दोन किलोमीटर चालत गावात आलो. तिथे निंबाच्या झाडाखाली एका म्हाताऱ्या बाबांचं दुकान होतं. एक लाकडी पेटी, एक उभा पंप आणि पाण्याने भरलेलं घमेलं.

“कुठून आले जी?”

“नागपूरहून, बाबा.”

“सायकलनं? एवढ्या दूर? काहून जी?”

धरण बघायला, म्हटलं. त्यांनी ट्यूब काढून थोडी हवा भरली आणि घमेल्यात बुडवून ती बोटांनी पुढे पुढे सरकवू लागले. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तिथे त्यांनी निंबाची काडी खोचून खूण केली, कानशीने रबर घासलं, सोलूशन लावून फुंकर मारली आणि तुकडा चिकटवून वर हातोडी ठोकली. मग टायर हातात घेऊन आतून सगळीकडे अंगठा फिरवला. “काटा टायरातच रायते, माणूस ट्यूबच पायते,” असं म्हणत काट्याचं तुटलेलं टोक चिमट्याने बाहेर काढलं. हे मी पुस्तकातही वाचलं होतं, पण ते मुरलं त्या घमेल्याजवळ. वीस रुपये झाले. जास्त घ्यायला ते तयार नव्हते. “धरण पायलं ना? पाणी चांगलं हाय यंदा,” एवढं म्हणाले.

पारशिवनीहून उत्तरेला कोलितमाऱ्याकडे जाणारा रस्ता हा या भागातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत जबाबदारीचा. साग, तेंदू, मोह, आणि मधूनच झाडांतून चमकणारं जलाशयाचं पाणी. कोलितमारा हे पेंच व्याघ्र प्रकल्पाचं एक प्रवेशद्वार. महाराष्ट्रातल्या पेंचला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. फाटकाच्या आत परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, यात चर्चेला जागा नाही. बाहेरच्या रस्त्यावरही पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळनंतर असू नये. सायकल आवाज करत नाही, हा तिचा गुण इथे धोका होतो. जनावराला आपण आल्याचं कळत नाही. म्हणून वळणांवर मी घंटी वाजवतो, दोघं-तिघं मिळून जातो आणि दुपारी दोनच्या आत परत फिरतो. रात्र बघायचीच असेल तर रीतसर मुक्काम करा. २०२४ च्या जानेवारीत या पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. नागपूरच्या आकाशात जे तारे आपण हरवून बसलो, ते इथे अजून जागच्या जागी आहेत.

ज्यांना जंगलाचा रस्ता नको, त्यांनी पूर्वेला वळावं. मनसर, रामटेक, खिंडसी. पारशिवनीहून रामटेक वीस-पंचवीस किलोमीटर. मनसरच्या टेकडीवरच्या उत्खननात वाकाटकांच्या काळचं विटांचं मोठं बांधकाम उघडं पडलं. वाकाटक राजा प्रवरसेनाचं प्रवरपूर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. रामटेकची टेकडी मेघदूतातला रामगिरी असल्याची परंपरा आहे, आणि तोतलाडोहच्या जलाशयाला मेघदूत हे नाव दिलं गेलं ते उगीच नाही. खिंडसी हा ब्रिटिश अमदानीत सूर नदीवर बांधलेला तलाव. त्याच्या पाळीवर संध्याकाळी बसलं की समोर गड, त्यावर मंदिरांची शिखरं. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास मात्र यात्रेची गर्दी असते, तेव्हा सायकलवाल्यांनी तो आठवडा टाळावा.

इथून पुढे पूर्व विदर्भाचा तलावांचा मुलूख सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले, हजारोंच्या संख्येत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळ, सांडवा, गाळ यांची जी काळजी गावं स्वतः घेत होती ती सुटली. हे नुकसान मला फार लागतं. सायकलवरून जाताना ते स्पष्ट दिसतं. एका गावचा तलाव तुडुंब भरलेला आणि पाळीवरची झाडं शाबूत, तर पुढच्याच गावचा बेशरमाच्या झुडपांनी भरलेला.

जिवंत तलावाची खूण म्हणजे रस्त्याकडेला बसलेली शिंगाडेवाली. ढिवर बांधव डोंग्यातून शिंगाडा तोडतात आणि बायका तो उकडून टोपलीत घेऊन बसतात. उकडला की शिंगाडा काळा होतो. दोन बाजूंचे काटे सांभाळत दाताने साल फोडायची. आतला गर पांढरा, पिठूळ, किंचित गोड. पन्नास किलोमीटर झाल्यावर खिशातल्या पाकीटबंद खाऊपेक्षा मला शिंगाड्याचा पुडा कितीतरी पटीने बरा वाटतो.

नागपूरला सायकलचं वेड आता चांगलं मुरलं आहे. इथलेच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी रशियातली नऊ हजार किलोमीटरहून लांबची ट्रान्स-सायबेरियन शर्यत. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायला, नाव घालणारे डॉक्टर, शिक्षक, बँकवाले आता ओळखीत सापडतात. पण पारशिवनीला जायला तसली तयारी लागत नाही. सकाळी निघून नवेगाव खैरीला धरण बघून परतलं तर शंभराच्या आसपास किलोमीटर होतात. ज्याला सलग चाळीस जमतात त्याला महिनाभराच्या सरावाने हेही जमेल. गिअर नसलेल्या साध्या सायकलीने हा रस्ता करणारी माणसं मी पाहिली आहेत.

अडचण एकच आहे आणि ती गंभीर आहे. रेतीचे टिप्पर आणि कोळशाचे ट्रक. या तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, कन्हान-पेंचची रेती सगळीकडे जाते. अरुंद रस्त्यावर भरधाव टिप्पर मागून आला की सायकलवाल्याला उतरायला डांबराबाहेर वीतभर मुरूमही राहत नाही. आमच्यापेक्षा जास्त त्रास शाळेत सायकलने जाणाऱ्या गावच्या मुलींना होतो, कारण त्यांना हा रस्ता रोजचा आहे. आमडी फाटा ते नवेगाव खैरी या रस्त्याच्या दोन्ही कडा मीटरभर भरून पक्क्या कराव्यात आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी रेतीची वाहतूक थांबवावी, एवढीच मागणी आहे. लोकप्रतिनिधींकडे ती लेखी जायला हवी. वाचकांपैकी जे या रस्त्याने जातात त्यांनी एक पत्र जरूर लिहावं.

यंदा जाणार असाल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. दोन ट्यूब, पंप, मागचा लाल दिवा आणि सुटे पैसे बरोबर ठेवा. प्लास्टिक परत आणा, ते पाणी आपल्याच नळाला येतं. आणि सूर्य टेकडीआड जायच्या आत आमडी फाट्यावर पोहोचा.